कॉर्बुलो: हुकूम न मोडणाऱ्या सेनापतीचं प्रकरण

इ.स. 67 मध्ये रोमन साम्राज्यातला सर्वांत नावाजलेला सेनापती कॉरिंथजवळच्या किंख्रिया बंदरात उतरला. (पौलाच्या रोमकरांस पत्रामुळे हे नाव मराठी बायबल वाचणाऱ्यांच्या कानावरून गेलेलं असेल.) सम्राट नीरो तेव्हा ग्रीसच्या दौऱ्यावर होता आणि त्यानंच या सेनापतीला बोलावून घेतलं होतं. पत्राची भाषा अत्यंत आदराची होती, वडील आणि उपकारकर्ते अशा शब्दांत गौरव केलेला होता. सेनापती सैन्य न घेता आला. बंदरातच त्याला मरणाचा हुकूम मिळाला. त्यानं तलवार घेतली आणि स्वतःच्या शरीरात खुपसली.

हा ग्नायस डोमिटियस कॉर्बुलो. चार वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली चार लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी) होते, पूर्वेकडचे सगळे मांडलिक राजे आणि रोमन अधिकारी त्याचा शब्द पाळायला बांधील होते. बंड करायचं मनात आणलं असतं, तर थांबवायला जवळपास कुणी नव्हतं. मग तो एकटा गेला कशाला?

इतिहासकार कॅसियस डिओ म्हणतो, मरताना कॉर्बुलोला पहिल्यांदाच उमगलं की या गवयाला, म्हणजे नीरोला, जिवंत ठेवून आणि त्याच्याकडे निःशस्त्र जाऊन आपण चूक केली. मला हे पटत नाही. किंख्रियात कॉर्बुलो जे वागला, तेच तो वीस वर्षं वागत आला होता. त्याची कारकीर्द पहिल्या मोठ्या नेमणुकीपासून लावून पाहिली की हे दिसतं.

घराणं

कॉर्बुलोची आई विस्टिलिया. तिला सहा नवऱ्यांपासून सात मुलं झाली, असं रोमन लेखक थोरला प्लिनी नोंदवतो. तेव्हाच्या रोममध्येही हा चर्चेचा विषय होता. या सात भावंडांमुळे कॉर्बुलो सिनेटमधल्या अनेक घराण्यांशी नात्यानं बांधला गेला. त्यातली सावत्र बहीण सीझोनिया ही सम्राट कॅलिगुलाची बायको झाली. जानेवारी 41 मध्ये कॅलिगुलाचा खून झाला तेव्हा सीझोनिया आणि तिची लहान मुलगी, दोघींनाही मारण्यात आलं. राजघराण्याशी सोयरीक म्हणजे काय, हे कॉर्बुलोनं घरातच पाहिलं होतं. तरी त्याची पुढची वाटचाल अडली नाही. नवा सम्राट क्लॉडियस यानं 47 मध्ये त्याला खालच्या ऱ्हाइनवरच्या सैन्याचा प्रमुख करून पाठवलं.

ऱ्हाइन, 47

आजच्या नेदरलँड्सचा हा भाग. आधीचा अधिकारी सँक्विनियस मॅक्सिमस वारला होता आणि नवा येईपर्यंतच्या फटीत चाउची टोळीचे लोक हलक्या होड्यांतून गॉलचा (आजच्या फ्रान्स-बेल्जियमचा) किनारा लुटत होते. त्यांचा म्होरक्या गॅनास्कस हा कधीकाळी रोमनांच्याच साहाय्यक सैन्यात चाकरी करून पळालेला. कॉर्बुलोनं ऱ्हाइनमधून लढाऊ जहाजं आणली, उथळ खाड्यांतून लहान नावा घुसवल्या, शत्रूच्या होड्या बुडवल्या. मग तो वळला स्वतःच्याच सैन्याकडे. लुटीची चटक लागलेल्या आणि काम विसरलेल्या लीजनना त्यानं जुन्या शिस्तीला जुंपलं. तलवार न बांधता खंदक खणणाऱ्या एका सैनिकाला, आणि नुसता खंजीर लावलेल्या दुसऱ्याला, त्यानं मृत्युदंड दिल्याचं सांगत. रोमन इतिहासकार टॅसिटस ही गोष्ट देतो आणि यात भर घातलेली असू शकते असंही लगेच म्हणतो. गोष्ट खरी असो नसो, सैन्यात ती पसरली आणि तिनं आपलं काम केलं.

फ्रिसी टोळीला त्यानं ठरावीक जमिनीवर वसवलं, त्यांना सिनेट, अधिकारी आणि कायदे दिले. गॅनास्कसला फितुरीनं मारवलं. ऱ्हाइनपलीकडे चाउचींच्या मुलखात छावणीचं काम सुरू झालं आणि तेवढ्यात क्लॉडियसचं पत्र आलं: पुढची चढाई बंद, ठाणी नदीच्या अलीकडे घ्या.

पत्र हाती पडलं तेव्हा तो शत्रूच्या भूमीवर छावणी उभारत होता. माघार घेतली तर जर्मन टोळ्या हसणार, मित्र टोळ्यांचा विश्वास उडणार आणि न घेतली तर सम्राटाची भीती, हे सगळं त्याला कळत होतं. टॅसिटसच्या सांगण्यानुसार तो एवढंच म्हणाला की पूर्वीचे रोमन सेनापती भाग्यवान होते. आणि माघारीचा इशारा दिला.

या एका वाक्यामागे रोमच्या राज्यव्यवस्थेतला मोठा बदल आहे. प्रजासत्ताकाच्या काळात सेनापती जिंकलेला मुलूख स्वतःच्या नावावर मिरवत रोममध्ये विजययात्रा काढत असे. ऑगस्टसपासून ती यात्रा राजघराण्यापुरती राहिली. बाकीच्यांना फक्त विजयाची मानचिन्हं मिळत. ब्रिटनची मोहीम चालवणाऱ्या ऑलस प्लॉटियसला याच 47 साली कमी दर्जाची मिरवणूक मिळाली, तीही मोठी मेहरबानी मानली गेली. प्रत्येक विजय सम्राटाच्या खाती जमा होई. आणि फार विजय मिळवणारा माणूस सम्राटाला नकोसा होई.

रिकाम्या हातांचं सैन्य बिघडतं, म्हणून कॉर्बुलोनं सैनिकांकडून ऱ्हाइन आणि मास या नद्यांमध्ये 23 रोमन मैलांचा, म्हणजे सुमारे 34 किलोमीटरचा कालवा खणून घेतला. समुद्राच्या वादळात न सापडता जहाजांची ये-जा व्हावी हा हेतू. लायडन आणि फोरबर्ग या गावांच्या परिसरात उत्खननात या कालव्याचे भाग सापडले आहेत. 2021 मध्ये खालच्या जर्मन सरहद्दीला युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात हा कालवाही आहे. चढाई करू दिली नाही म्हणून केलेलं काम जवळपास दोन हजार वर्षं टिकलं.

क्लॉडियसनं त्याला मानचिन्हं दिली. शेजारच्या प्रांतातल्या सेनापती कुर्टियस रुफसनं सैनिकांना चांदीच्या खाणीत राबवून तीच मिळवली, तेव्हा अनेक प्रांतांतल्या सैनिकांनी सम्राटाला गुप्त पत्र लिहिलं: आमच्यावर कुणाला नेमायचं असेल तर मानचिन्हं आधीच देऊन टाका. सेनापतीच्या कीर्तीसाठी कष्ट कुणाला पडतात, हे त्या एका अर्जात आलं आहे.

आर्मेनिया

आशिया प्रांताचा कारभार पाहून झाल्यावर कॉर्बुलोच्या वाट्याला खरी मोठी कामगिरी आली. आर्मेनिया हे रोम आणि पार्थिया (इराणमधलं साम्राज्य) यांच्यामधलं राज्य. तिथं आपल्या मर्जीतला राजा बसवणं ही दोन्ही सत्तांना इभ्रतीची गोष्ट वाटे. पार्थियाचा राजा व्होलोगासेस यानं आपला भाऊ तिरिदातेस याला तिथं बसवलं. ऑक्टोबर 54 मध्ये नीरो गादीवर आला तेव्हा तो पुरता सतरा वर्षांचाही नव्हता. सेनेका आणि बुरस त्याचे सल्लागार होते. त्यांच्या काळात पूर्वेला कॉर्बुलोची नेमणूक झाली आणि रोममध्ये लोकांना बरं वाटलं: लायक माणसाला संधी मिळते आहे.

सीरियाचा अधिकारी उम्मिडियस क्वाड्रेटस याला मात्र हे बोचलं. निम्मं सैन्य कॉर्बुलोकडे जाणार होतं. कॉर्बुलो अंगानं धिप्पाड, बोलणं भारदस्त. तो सीरियात आला तर सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतील या धास्तीनं क्वाड्रेटस त्याला सिलिशियातल्या एगी गावीच जाऊन भेटला. पार्थियाच्या बड्या ओलिसांवरूनही दोघांत जुंपली. त्या वेळी ओलीस ताब्यात घ्यायला कॉर्बुलोनं जो तरुण अधिकारी पाठवला, त्याचं नाव अरियस व्हारस. हे नाव पुढे परत येणार आहे.

सैन्याची अवस्था वाईट होती. वर्षानुवर्षं सीरियाच्या शहरांत राहून लीजन मऊ पडले होते. पहारा कधी न केलेले जुने सैनिक होते, तटबंदी आणि खंदक म्हणजे नवलाची गोष्ट वाटणारे होते, शिरस्त्राण आणि चिलखत नसलेले होते. पैसा मात्र गाठीला होता. कॉर्बुलोनं म्हातारे आणि आजारी यांना घरी पाठवलं, गलेशिया आणि कप्पदुकियात नवी भरती केली आणि आख्खा हिवाळा सैन्याला तंबूत ठेवलं. जमीन इतकी गोठलेली की खणल्याशिवाय तंबू रोवता येत नसे. थंडीनं कित्येकांचे अवयव झडले, काही पहाऱ्यावरच मेले. लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या एका सैनिकाचे हात मोळीला चिकटून गोठले आणि मोळीबरोबर गळून पडले, असं टॅसिटस लिहितो. कॉर्बुलो स्वतः साध्या कपड्यांत, उघड्या डोक्यानं त्यांच्यात वावरे, कष्टाळूंना शाबासकी देई, आजाऱ्यांना धीर देई. पळून जाणाऱ्याला इतर सेनापती पहिल्या-दुसऱ्या वेळी माफ करत. इथं पहिल्याच वेळी मृत्युदंड. परिणामी पळणाऱ्यांची संख्या इतर छावण्यांपेक्षा कमी राहिली.

या क्रौर्याचं मी समर्थन करत नाही. पण पुढच्या मोहिमेचा हिशेब मांडताना ते बाजूला ठेवता येत नाही. 58 मध्ये व्होलांडमचा किल्ला या सैन्यानं काही तासांत घेतला, एकही रोमन सैनिक न गमावता. राजधानी आर्टॅक्साटानं दरवाजे उघडले. ते शहर राखायला पुरेसे सैनिक नव्हते आणि तसंच सोडणं धोक्याचं होतं, म्हणून त्यानं ते जाळून सपाट केलं. मग टिग्रानोसर्टा हे दुसरं मोठं शहर. वाटेत धान्य संपलं, पाणी मिळेना, सैनिक नुसत्या मांसावर चालले. शहर दाद देईना, तेव्हा पकडलेल्या एका आर्मेनियन सरदाराचं मुंडकं त्यानं यंत्रातून तटाच्या आत भिरकावलं. रोमन लेखक फ्रॉन्टिनस सांगतो, ते नेमकं शहरातल्या सभेच्या मधोमध पडलं आणि शहर शरण आलं.

या विजयांवर सिनेटनं नीरोसाठी पुतळे, कमानी आणि इतके उत्सवाचे दिवस ठरवले की कायदेपंडित कॅसियस लाँजायनसला सांगावं लागलं: अशानं वर्ष पुरणार नाही, लोकांना कामाचेही दिवस ठेवा. मिरवणं सगळं नीरोचं. कॉर्बुलोला क्वाड्रेटसच्या मृत्यूनंतर सीरिया मिळाला, आणि आर्मेनियाच्या गादीवर रोमनं आपला टिग्रानेस बसवला.

पीटसची फजिती आणि कॉर्बुलोची चाल

टिग्रानेसनं शेजारच्या आडियाबेनीवर हल्ला करून पार्थियाला डिवचलं आणि युद्ध परत पेटलं. आर्मेनियासाठी वेगळा सेनापती द्या, अशी मागणी कॉर्बुलोनंच केली होती. 62 मध्ये सीझेनियस पीटस आला. येताच तो म्हणू लागला की कॉर्बुलोच्या विजयांत ना कत्तल, ना लूट. नावाच्या राजाऐवजी मी इथं थेट रोमचं राज्य आणीन. मग त्यानं सैन्य विखरून ठेवलं, मागेल त्याला रजा दिल्या आणि व्होलोगासेस चालून आल्यावर अर्सानियास नदीकाठी रँडियाच्या छावणीत कोंडला गेला.

इथं कॉर्बुलोची दुसरी बाजू दिसते. तो युफ्रेटिसच्या काठावर भक्कम उभा होता. मोठमोठ्या होड्या जोडून, त्यांवर बुरूज आणि दगडफेकी यंत्रं चढवून त्यानं पूल बांधला होता. पीटसची पहिली हाक आली तेव्हा त्यानं कुमक तयार ठेवली, पण घाई केली नाही. संकट जितकं वाढेल तितकं सुटकेचं श्रेय मोठं, हा त्याचा हिशेब होता, असं टॅसिटस स्पष्ट लिहितो. नंतर धान्यानं लादलेले उंट घेऊन तो वेगानं निघाला खरा, पण उशीर झाला होता. तो तीन दिवसांच्या अंतरावर असताना पीटसनं तह करून छावणी सोडली, जखमींना मागे टाकत एका दिवसात 40 मैल पळ काढला. रोमनांना पराभवाची खूण म्हणून वाकून जुवाखालून जायला लावलं, अशीही अफवा उठली. दोन्ही सैन्यं युफ्रेटिसजवळ भेटली तेव्हा सैनिक रडत होते. त्यांनी एकमेकांना धड सलामही केला नाही.

पीटस म्हणाला, अजून काही बिघडलेलं नाही, दोघं मिळून आर्मेनियावर जाऊ. कॉर्बुलोचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतं: सम्राटाचा मला तसा हुकूम नाही, लीजन संकटात होते म्हणून मी प्रांत सोडून आलो, आता सीरियाला परत जाणार. समोर घायकुतीला आलेला प्रतिस्पर्धी, मागे ताजं सैन्य, अपमान धुऊन काढायची संधी, आणि हा माणूस हुकुमाच्या चौकटीकडे बोट दाखवतो. ऱ्हाइनवर तो बोलून थांबला होता, इथं आपणहून थांबला.

रोममध्ये तोवर आर्मेनियातल्या विजयाची स्मारकं उभी राहत होती. पार्थियाच्या वकिलांबरोबर आलेल्या सेंच्युरियनला (शंभरेक सैनिकांवरच्या अधिकाऱ्याला) नीरोनं तिकडची परिस्थिती विचारली, तेव्हा उत्तर आलं: तिथं एकही रोमन उरलेला नाही. पीटसला नीरोनं माफी देताना टोला हाणला: इतका भित्रा माणूस काळजीनं आजारी पडायचा, म्हणून लगेच माफ करतो.

रँडिया, दुसऱ्यांदा

63 मध्ये कॉर्बुलोला जे अधिकार मिळाले, त्यांची तुलना टॅसिटस थेट प्रजासत्ताकाच्या काळातल्या सेनापती पाँपेला चाच्यांविरुद्ध मिळालेल्या अधिकारांशी करतो. सीरियाचा कारभार दुसऱ्याकडे सोपवून तो चार लीजन घेऊन मेलिटीनी इथं युफ्रेटिस ओलांडून निघाला. सैन्य मोठं होतं. हेतू मात्र तहाचाच होता. आर्मेनिया थेट जिंकून राखणं रोमला परवडणारं नाही, हे त्याला दहा वर्षांत कळून चुकलं होतं.

भेटीची जागा तिरिदातेसनं निवडली: पीटस जिथं कोंडला गेला तेच रँडिया. कॉर्बुलोनं हरकत घेतली नाही. त्यानं पीटसच्याच मुलाला, तो कॉर्बुलोच्या सैन्यात ट्रिब्यून, म्हणजे लीजनमधला अधिकारी होता, पुढे पाठवून त्या लढाईत पडलेल्यांची हाडं पुरायला लावली. तोडगा असा निघाला: तिरिदातेस आर्मेनियाचा राजा राहणार, पण मुकुट नीरोच्या हातून घेणार. तिरिदातेसनं मुकुट काढून नीरोच्या पुतळ्याच्या पायाशी ठेवला. पार्थियाचा माणूस गादीवर, रोमचा मान शाबूत. या तहामुळे रोम-पार्थिया सरहद्दीवर पुढची पन्नास वर्षं मोठं युद्ध झालं नाही. सम्राट ट्राजननं 114 मध्ये ते उकरून काढलं.

तहानंतरच्या मेजवानीत तिरिदातेस प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत होता: पहारा बदलताना सेंच्युरियन येऊन का सांगतो, जेवण संपल्यावर तुतारी का वाजते, वेदीवरचा अग्नी खालून मशालीनं का पेटवतात. कॉर्बुलो प्रत्येकाचं उत्तर जरा वाढवूनच देत होता. हिवाळ्यात सैनिकांचे हात गोठवणारा हाच माणूस इथं रसाळ यजमान झाला होता.

तुर्कस्तानात खार्पूतजवळ या काळातला एक शिलालेख सापडला. 64–65 मधला, तिसऱ्या गॅलिका लीजननं किल्ला बांधल्याचा. त्यावर आधी नीरोची पदव्यांसह नावं, मग लेगेट (सम्राटाचा प्रतिनिधी) म्हणून कॉर्बुलो, त्याच्या खाली लीजनचा प्रमुख टायटस ऑरेलियस फुल्वस, पुढच्या काळातल्या सम्राट अँटोनायनस पायसचा आजोबा. दगडावरचा हा क्रम कॉर्बुलोनं आयुष्यभर बिनतक्रार मानला.

जावई

66 मध्ये तिरिदातेस 3,000 पार्थियन घोडेस्वारांसह रोमला आला. त्याला घेऊन येणाऱ्यांत कॉर्बुलोचा जावई अॅनियस व्हिनिशियानस होता. डिओ सांगतो, जावयाला रोमला धाडण्यामागे खरा हेतू स्वतःच्या निष्ठेचा ओलीस देणं हा होता. इतकी सत्ता हाती असलेला माणूस न मागता ओलीस देतो, यावरून आपल्याबद्दल काय बोललं जात असेल याची त्याला कल्पना होती असं दिसतं. तिरिदातेसनं तर नीरोला तोंडावर सांगितलं की कॉर्बुलोच्या रूपानं तुला चांगला गुलाम मिळाला आहे.

पण व्हिनिशियानसच्या घराण्याचं नाव जुन्या कटांत आलेलं होतं. त्याच सुमारास इटलीतल्या बेनेव्हेंटम गावी नीरोविरुद्ध एक कट उघडकीला आला, तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. कॉर्बुलो त्यात होता असं म्हणणारा एकही पुरावा नाही. सासरा असणं पुरेसं होतं. शिवाय कान भरणारेही होते: अरियस व्हारस, ओलिसांच्या वेळचा तोच अधिकारी, नीरोकडे कॉर्बुलोची निंदा करून बढती मिळवल्याचा बोल त्याच्यावर होता.

67

नीरोचं पत्र आलं तेव्हा कॉर्बुलोपुढे कोणत्या वाटा होत्या? न जाणं म्हणजे बंड जाहीर करणं. आणि बंडासाठी 63 ची ती फौज उरली नव्हती. यहूदियातल्या उठावामुळे त्याच्या चार लीजनांपैकी पाचवा मॅसेडोनिका आणि पंधरावा अपोलिनारिस आता तो उठाव मोडायला नेमलेल्या सेनापती व्हेस्पेशियनकडे जात होते. व्हेस्पेशियनची निवड करतानाही, त्याचं कूळ साधं असल्यानं त्याच्यापासून धोका नाही, हा विचार नीरोनं केला होता. दुसरी वाट म्हणजे जाऊन समोरासमोर निष्ठा पटवणं. 47 मध्ये छावणी अर्धवट सोडणाऱ्या आणि 62 मध्ये चालून जायला नकार देणाऱ्या माणसाला हीच वाट दिसली, यात मला भोळेपणा दिसत नाही. सम्राटाचा हुकूम हीच त्याच्या कामाची हद्द होती. हद्द ओलांडणारा सेनापती म्हणून तो कधी जगलाच नव्हता.

नीरोला त्याचं तोंडही पाहायचं नव्हतं. तो लांब सैल झगा घालून रंगमंचावर जायच्या तयारीत होता, आणि या वेशात कॉर्बुलोसमोर जाणं त्याला नको होतं, असं डिओ लिहितो. म्हणून हुकूम बंदरावरच गेला. तलवार खुपसताना कॉर्बुलो ग्रीकमध्ये एवढंच म्हणाला: योग्य आहे.

दोन्ही जर्मन प्रांतांचे प्रमुख, स्क्रिबोनियस रुफस आणि स्क्रिबोनियस प्रॉक्युलस हे भाऊ, त्यांनाही असंच बोलावून आत्महत्या करायला लावली. सरहद्दीवरच्या प्रत्येक अधिकाऱ्यापर्यंत ही बातमी गेली असणार. 68 च्या वसंतात स्पेनमधला प्रांताधिकारी गॅल्बा याच्या हाती नीरोनं त्याला मारण्यासाठी पाठवलेले हुकूम लागले, तेव्हा तो बोलावण्याची वाट पाहत बसला नाही. त्यानं बंड केलं. 9 जून 68 ला नीरो मेला. माझ्या मते कॉर्बुलोच्या मरणाचा या निर्णयाशी थेट संबंध आहे: हुकूम पाळणाऱ्यांतला सर्वांत मोठा माणूस पाळूनही वाचला नाही, हे गॅल्बाला ठाऊक होतं.

कॉर्बुलोनं आपल्या मोहिमांच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्या आज उरल्या नाहीत. युफ्रेटिसच्या उगमासारख्या तपशिलांसाठी प्लिनी त्याचा हवाला देतो तेवढंच. त्याची मुलगी डोमिशिया लाँजायना हिचं लग्न पुढे, व्हेस्पेशियन सम्राट झाल्यावर, त्याच्या धाकट्या मुलाशी, डोमिशियनशी झालं. नव्या राजघराण्याला कॉर्बुलोचं नाव आणि त्याच्या जुन्या सैनिकांचा लोभ हवा होता. 81 मध्ये डोमिशियन सम्राट झाला आणि कॉर्बुलोची मुलगी रोमची सम्राज्ञी झाली.